फोटोची खालची कड

त्यांच्या घरात बाळाचं नाव ठेवायच्या आधी त्याचं कपाळ तात्याबांच्या फोटोला टेकवायची रीत होती. तात्याबा म्हणजे दिपालीचे पणजोबा, ब्रह्मदेशच्या लढाईत लढून मंद्रूपला परत आलेले. फोटोत डोक्यावर फौजी टोपी, हातात बंदूक आणि तोंडभर हसू. फोटो कमरेपर्यंतच होता, म्हणून कपाळ फ्रेमच्या खालच्या कडेला टेकवायचं. पाय तिथंच कुठंतरी असणार.

दिपालीच्या लेकाच्या बारशाला फ्रेम उतरवताना काच तडकली. काच काढायला म्हणून तिनं मागचा पुठ्ठा सोडवला, तर फोटो खालून आत दुमडलेला. तिनं तो उलगडला.

तात्याबांचे पाय होते, बुटांसकट. एका मेलेल्या, पोरसवदा शिपायाच्या तोंडावर. ते हसू कशाचं होतं, ते आता कळलं.

"शी! आजी, हे बघितलंस का तू?"

केराबाई घुगऱ्या वाट्यांत भरत होती. तिचा हात थांबला नाही. "बघितलंय की. तुज्या बापानंबी बघितलंय. दुमड परत आन टेकव पोराला."

"ह्याला? माझ्या लेकराचं कपाळ?"

"मग? तुजंबी मीच टेकवलंवतं. काय वाईट झालं का तुजं?"

दिपालीनं पोराला उचलून छातीशी घट्ट धरलं, आणि दुसऱ्या हातानं पदर ओढून ती स्वतःचंच कपाळ खसाखसा पुसायला लागली.