८६३३ला भाग जातो

दिसेल त्या गाडीच्या नंबराला कशाने भाग जातो, हे आधी कोण सांगतं, यावर क्षीरसागर सर आणि नीलांबरीबाईंची रोज पैज लागायची. दोघंही गणिताचेच शिक्षक.

कोल्हारच्या स्टँडवर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली बाई जागीच गेल्या. टेम्पो पळाला.

"सर, नंबर बघितला का?" हवालदाराने विचारलं.

"८६३३. एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव."

हवालदार लिहिता लिहिता थांबला. "येवढा हिशेब व्हईपर्यंत टेम्पो मागं येत हुता? मंग बाईंना बाजूला का न्हाई ओढलं?"

 

सर चिडले. "कशानेच भाग जात नाही म्हणाली, आणि पाठ फिरवून पेरू निवडत बसली. आधी तिची चूक नको दाखवायला?"