न लागणारा फोन

या, असे जवळ सरकून बसा. एका बाईची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण ती ऐकून रिकाम्या मनाने उठणार नाही तुम्ही.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी फोन खाली ठेवला. तिसऱ्यांदाही तेच. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ केंद्राचा नियम सरळ होता. उपचार संपून वर्ष झालं की माणसाला फोन करायचा, चार प्रश्न विचारायचे, उत्तरं तक्त्यात भरायची. तीनदा फोन लागला नाही, तर त्याच्यापुढे लिहायचं, ‘पिणं पुन्हा सुरू’.

ताईंच्या गटात चोवीस जण होते. आठवड्यातून एकदा गोल बसून मनातलं बोलायचं, एवढाच उपचार. निम्मे तरी वर्षभर दारूशिवाय राहिले, तरच गट पुढे चालणार होता. तक्त्यात दारूशिवाय राहिलेले अकरा भरले होते, बारा जणांपुढे ‘पिणं पुन्हा सुरू’ लिहिलं होतं. उरला होता एकटा वेल्डर. तक्ता उद्या द्यायचा होता.

“लिहून टाका की,” समोरचे कारकून म्हणाले. “शुद्धीत असता, तर फोन लागला नसता?”

ताईंनी पेन टेकवलं. मग देवाचं नाव घेऊन टोपण लावलं आणि पर्स उचलली. समक्ष विचारायला तर कुणी मनाई केली नव्हती.

घर तिसऱ्या मजल्यावर निघालं. दार वेल्डरच्या बायकोने उघडलं. तो फरशीवर बसून लेकीच्या सायकलची चेन चढवत होता. हात काळेकुट्ट, डोळे मात्र लख्ख. ताईंना बघून धडपडत उठला.

“काही चुकलं का ताई आमचं?”

“फोन का लागत नाही तुमचा? जीव टांगणीला लागला होता माझा.”

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

“तुम्हीच सांगितलं होतं ना,” बायको म्हणाली, “पिणाऱ्यांकडे असलेला नंबर आधी बंद करा म्हणून? दोघांचेही बदलले, त्याच दिवशी.”

“अहो, मग नवा मला तरी कळवायचा.”

“कुणालाही देऊ नका म्हणालात,” वेल्डर मान खाली घालून म्हणाला. “आम्ही तुम्हालाही त्यातच धरलं. वर्ष झालं ताई. थेंब नाही.”

ताई तिथेच फरशीवर बसल्या. हसू आलं, डोळेही भरले. ज्याने त्यांचं अक्षर न् अक्षर पाळलं, त्यालाच त्या बुडाला म्हणून लिहिणार होत्या. अशी अजून किती जणांवर फुली मारली असेल, कोण जाणे. आता त्यांचीही दारं ठोठावायला हवीत. चार प्रश्न विचारून झाले. बारा झाले. गट वाचला.

बायको जिन्यापर्यंत सोडायला आली.

“माहेरी तरी दिलाय ना नंबर?” ताईंनी चेष्टेत विचारलं.

“नाही. माझा भाऊच यांना प्यायला बोलवायचा. आई राहते त्याच्याकडे. तिला दिला की त्याला मिळणार.” तिने जिन्यातला दिवा लावला. “वर्षात आईचा आवाज ऐकला नाही. पण असू द्या. देवाने यांना परत दिलं.”

तक्त्यात या बाईसाठी रकाना नाही. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिची तेवढी आठवण ठेवा.