एकाच मांजरीच्या नकला

मिरजेतल्या प्राण्यांच्या दवाखान्यात त्या सकाळी आलेली बहुतेक मांजरं अगदी सारखी होती, करडी आणि पांढऱ्या पंजांची. मांजरामुळे ज्यांना दमा उठतो, त्यांच्यासाठी एका प्रयोगशाळेनं ती मुद्दाम घडवली होती.

शमीम मुजावर मुलीला, रुकय्याला घेऊन आत आल्या. टोपलीतलं त्यांचं मांजर खाणं सोडून नुसतं पाणी पीत होतं. डॉक्टर बिडकरांनी त्याचं पोट हलकेच चाचपलं.

"मूत्रपिंडं गेलीत," त्या म्हणाल्या.

"रक्त न तपासताच?" शमीम चिडल्या.

"तपासते. पण ताई, या वयाच्या प्रत्येकाचं हेच निघतंय. ही सगळी एकाच मांजरीच्या नकला आहेत. एकीचं दुखणं सगळ्यांच्या वाट्याला आलंय."

शमीम मुलीला जवळ घेत म्हणाल्या, "आपण दुसरं आणू, बेटा."

"तेही असंच मरेल ना?"

डॉक्टरांनी मांजराच्या पायातून रक्त काढून घेतलं. साधं मांजर घरात आलं की रुकय्याचा जीव गुदमरायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

रक्ताचा अहवाल आला. त्यात वेगळं काही नव्हतं. डॉक्टर शेवटचं इंजेक्शन भरायला वळल्या.

रुकय्यानं मांजर उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि पोटभर श्वास घेतला.