अडलेला शब्द

मन आणि संगणक यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या विभागात ती शेवटच्या वर्षाला होती. बोलताना अडखळायची. तिच्या प्रकल्पातला कॉम्प्युटर माणसाशी गप्पा मारायचा, पण ती एखाद्या शब्दावर अडली की तिचं बोलणं संपलं असं समजून तो मध्येच उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

"प्रात्यक्षिकात तुझ्याऐवजी एखाद्या मैत्रिणीला बोलू दे," सर समजुतीने म्हणाले. "उगाच चारचौघांत फजिती नको."

"बोलणार मीच, सर. घाई कॉम्प्युटरला आहे, मला नाही."

मग वर्षभर तिने स्वतःचं अडखळणं त्याला ऐकवलं. अडलेला माणूस वेगळा आणि बोलून झालेला वेगळा, हे त्याच्या गळी उतरवलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. "मला..." एवढं म्हणून ती अडकली. 'प'साठी मिटलेले ओठ उघडेनात. सर चष्मा पुसू लागले. कॉम्प्युटर गप्प होता, ऐकत होता.

पहिल्या रांगेतले बाबा न राहवून अर्धवट उठले. "पुस्तक. तिला पुस्तक हवंय."

तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"मला प... पोहायला शिकायचंय."

"कुठून सुरुवात करायची?" कॉम्प्युटरने विचारलं.

पण ती बाबांकडे वळली होती. अडखळत, सावकाश बोलली, आणि या वेळी मध्ये कुणीच तोंड घातलं नाही.

"लहानपणापासून तुम्ही सांगितलेले शब्द बहुतेक चुकीचेच असायचे, बाबा. मी नुसती मान डोलवायचे."