अंगावरचं घर

“हे?” म्हणत आईने लाकडी फूटपट्टी मुलाच्या कपाळावर टेकवली.

“लिंटल.”

“हे?” पट्टी खांद्यावर आली.

“बीम.”

“हे?”

मुलगा अडखळला. पट्टी कोपरावर सपकन बसली.

“हिंज. बिजागरी म्हणजे हिंज. दारं लावता लावता हात झिजले तुझे, आणि नाव घ्यायची वेळ आली की दातखीळ बसते.”

मुलगा सुतार होता, तिशी उलटलेला, लग्न झालेला. उघड्या अंगाने आईपुढे उभा होता. परदेशातल्या एका कंपनीला सुतार हवे होते. हात चांगला हवा आणि घराच्या भागांची इंग्रजी नावं तोंडपाठ हवीत, एवढीच अट. हात त्याचा सोन्यासारखा होता. जीभ मात्र लाकडाची.

आईने शाळा दुसरीत सोडलेली. पण अर्धं आयुष्य तिने एका परदेशी साहेबाच्या बांधकामांवर घमेली वाहिली होती. इंग्रजी तिने कानाने कमावलं होतं आणि त्याचा तोरा हेडमास्तरालाही नसेल एवढा होता. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. निम्मी गल्ली कौतुकाने, निम्मी चेष्टेने. तिला कौतुक तेवढं ऐकू यायचं.

अडचण एकच होती. राहती खोली भाड्याची, वर सपाट स्लॅब. ना तुळई, ना वासे. मग दाखवायचं काय आणि शिकवायचं कशावर? तिने मुलाच्या अंगावरच घर उभं केलं. कपाळ म्हणजे दारावरची आडवी पट्टी, खांदे म्हणजे तुळई, कोपर बिजागरी, बरगड्या म्हणजे छपराचे वासे, पाऊल उंबरठा. चुकला की त्याच जागी फटका. अंगाला लागलेलं डोक्यातून जात नाही, असा तिचा हिशेब.

पट्टी बरगड्यांवर टेकायच्या आतच तो म्हणाला, “राफ्टर.” तिथे सगळ्यात जास्त मार बसला होता.

“आणि मोडला तर?”

“राफ्टर ब्रोकन.”

“आता कसं.”

सून कोपऱ्यात भांडी घासत होती. तिला राहवलं नाही. “आई, थोडं दुखण्याखुपण्याचंही शिकवा त्यांना. डोकं, पोट, छाती. परक्या मुलखात काही झालं, तर सांगणार कसं?”

आईने मान वळवली नाही. “तो दारं बसवायला चाललाय, दुखणी सांगायला नाही. तुला एवढा उमाळा आलाय तर तू शिकव. येतं का एक तरी? नाही ना? मग राख घे आणि तळ घास, काळा राहिलाय.”

मुलगा हसला. सुनेने राख घेतली.

परीक्षेच्या दिवशी कंपनीच्या साहेबाने एकेक चित्र पुढे केलं. मुलाने आधी कपाळाला हात लावला, मग खांद्याला, मग कोपराला, आणि धडाधड नावं सांगितली. हा माणूस कसली कवायत करतोय, म्हणून साहेब पोट धरून हसला. पण शब्द एकही चुकला नाही. मुलगा परदेशी गेला. मास्तरीणबाई पुढे कितीतरी दिवस नळावर पाणी कमी भरायची आणि इंग्रजी जास्त बोलायची.

वर्ष उलटायच्या आत मुलाचा जोडीदार सुतार एकटाच दारात उभा राहिला. हातात मुलाची हत्यारांची पेटी होती. मुलाच्या मृत्यूची बातमी आधीच येऊन गेली होती. जोडीदार आला होता ते कसं घडलं हे सांगायला. गल्लीतली चार माणसंही दारात जमली.

“परांचीवरून पडला, काकू. दोन्ही हात मोडले. साइटवरच्याच दवाखान्यात नेलं, हात फळ्यांना बांधून टाकले. बाहेरून बाकी खरचटलंही नव्हतं. शुद्धीवर होता.”

“बोलला काही?”

“बोलला ना. आपली भाषा तिथे कुणाला कळते? पण तो इंग्रजीत बोलत होता.”

म्हातारीची पाठ ताठ झाली. डोळे तसेच ओले, पण हनुवटी वर आली. “जरा मोठ्याने सांग. दारातल्यांनाही ऐकू जाऊ दे.”

जोडीदाराने आवाज चढवला. “डॉक्टर विचारत होता, काय होतंय, कुठे होतंय. तर हा स्वतःचं एक अक्षर बोलला नाही. कामाचंच बोलत राहिला. राफ्टर ब्रोकन. राफ्टर ब्रोकन. सारखं तेच. हात बांधलेले, तरी मान छातीकडे हलवून हलवून सांगत होता म्हणे. सुपरवायझर घाबरला. छप्पर खाली येतंय की काय, म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना वर चढवलं. मीही वरच होतो, काकू. एकेक वासा मी स्वतः ठोकून पाहिला. एकही मोडलेला नव्हता. खाली आलो तेव्हा तो गेला होता. बरगडी आत घुसली होती, फार उशिरा कळलं. सुपरवायझर अजून म्हणतो, कामावर एवढा जीव असलेला माणूस पाहिला नाही.”

दारातलं कुणीतरी हळहळलं. “आईचं वळण, दुसरं काय.”

म्हातारीची हनुवटी तशीच वर राहिली होती, खाली घ्यायचं विसरल्यासारखी.

सून कोपऱ्यातून उठली. भिंतीवरची फूटपट्टी तिने खिळ्यावरून काढली, सगळ्यांच्या मधून चालत आली आणि सासूच्या बरगड्यांवर अलगद टेकवली.

“हे?”