कवडीचं दुखणं

"खा गं, पटापट खा," ती पुटपुटली, आणि कवडीनं तिच्या ओंजळीतले मक्याचे दाणे टकाटक टिपायला सुरुवात केली. अंगणात नुकतं फटफटत होतं. ओंजळ रिकामी होईपर्यंत ती गुणगुणत राहिली:

दाणा टिपून घे गं बाई,
दिवस कुणाला थांबत नाही.

मग तिनं कोंबडीची चोच बोटानं पुसली, तिला टोपलीत बसवलं, वर जुनं फडकं टाकलं आणि चेहरा जमेल तेवढा पाडून खोलीत गेली.

"अहो, उठता का? आजही पिशवी भरलेलीच लागतेय हिची."

नवरा खाटेवर हळूहळू उठून बसला. एकतीस वर्षं तो जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रभरात रिकामी व्हायला हवी. सकाळी ती भरलेली लागली, तर आत अन्न तटलंय असं समजावं. हे ती त्याच्याच तोंडून कधीतरी ऐकून होती.

काठी टेकत तो दाराकडे निघाला. खाटेपासून दारापर्यंत पंधरा पावलं. तिनं मनातल्या मनात मोजली.

पायरीवरून घसरून त्याचा घोटा मोडला होता. प्लास्टर निघून दोन महिने उलटले. हाडाचा डॉक्टर म्हणाला होता, "हाड छान जुळलंय. आता चालायचं मनावर घ्या, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा." पण हा मनावर घेईना. पाण्याचा पेलासुद्धा तिनंच हातात द्यायचा. समजावून झालं, रागावून झालं. अखेर दहा दिवसांपूर्वी तिनं कवडीला आजारी पाडलं.

कवडी मुळात तिच्या धाकट्या बहिणीची. गाणंही धाकटीनंच जुळवलेलं. धाकटी वारली आणि ती स्वतः दीड महिना भिंतीकडे तोंड करून पडून होती. हा पाय मोडून बसला नसता तर अजूनही तशीच पडली असती. पण एका घरात दोघंही अंथरुणाला खिळून कसं चालेल?

अंगणातल्या बाकावर बसून त्यानं कोंबडी मांडीवर घेतली आणि गळ्याखाली बोटं फिरवली.

"दाणे सुटे लागतायत. बोटांखाली सरकतायत."

"म्हणजे वाईट का हो?"

"बघू या. तेलाचे दोन थेंब दे."

तेल पाजून तो हलक्या हातानं पिशवी चोळत राहिला. कवडी डोळे अर्धे मिटून सुखानं बसली.

"तुरा तर लालभडक आहे," तो म्हणाला.

"वरून दिसतं तसं. आतून खंगलीय बिचारी."

"अंडं?"

"अंडं कुठलं आलंय आता." धुण्याच्या टबाखाली तिनं लपवलेली सात अंडी होती, ती तिला अचानक फार जवळ वाटली.

तिनं आणून दिलेल्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्यानं कवडीला बसवलं आणि भुवया उंचावल्या. "कालच्यापेक्षा भरलीय. आजारपणात बाळसं धरणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय."

"तटलेल्या अन्नाचं वजन असेल ते."

"असेल, असेल." त्यानं खिशातून छोटी वही काढली आणि बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. दवाखान्यातली सवय. खाणं, झोप, हिंडणं, आवाज, सगळ्याची रोजच्या रोज नोंद. "तू खाल्लंस का काही?"

"तुमची पेशंट ती आहे, मी नव्हे."

"सेवा करणारानं उपाशी राहायचं नसतं. नियम आहे आमचा. बस इथं."

ती बसली. दोघांनी उन्हात बसून खाल्लं. उठताना त्यानं काठी डाव्या हातात घेतली.

"काल उजव्या हातात होती," ती म्हणाली. "कुठला पाय दुखतो ते तरी लक्षात ठेवा."

"दोन्ही सारखेच लाडके," तो म्हणाला, आणि तिला हसू आवरलं नाही.

कवडीच्या दुखण्याच्या बाराव्या दिवशी तो फाटकापर्यंत गेला, तेराव्या दिवशी अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. पंधराव्या दिवशी काठी दाराला अडकवलेली राहिली आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तेलाची बाटली घेऊन आला. सोळाव्या दिवशी पहाटे तिनं दाणे दिलेच नाहीत.

त्यानं कवडीचा गळा चाचपला. पिशवी रिकाम्या मोज्यासारखी लुळी होती.

"बरी झाली," ती म्हणाली.

तो कोंबडीकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "नक्की बरी झाली?"

"झाली हो. किती वेळा विचाराल?"

"मग मी मका आणतो. सणकून खाऊ दे आता तिला."

त्यानं वहीत दोन ओळी खरडल्या, वही बाकावर ठेवली आणि तो निघाला. फाटकाबाहेर तो चांगला झपझप चालत होता, लंगडणं नावाला नाही. तिचे डोळे भरून आले. एका कोंबडीनं माणूस उभा केला. आता पायाची धास्ती नाही.

कवडीच्या दुखण्याचं त्यानं काय काय लिहिलंय ते वाचून जरा हसावं, म्हणून तिनं वही उघडली. आजचं पान वर होतं.

"रात्री सलग झोप. भात मागून घेतला. काल दोनदा हसली."

ती थबकली. चार-सहा पानं मागे गेली.

"कोंबडीला काहीही झालेलं नाही. पण त्या निमित्तानं पहाटे अंगणात जाते, धाकटीचं गाणं म्हणते. तेल आणि चोळणं चालू ठेवावं."

वही अजून बरीच मागे जात होती. कवडी आजारी पडायच्या कितीतरी आधीची पानं होती. ती उलटत उलटत पहिल्या पानावर आली. वर प्लास्टर काढलं त्या दिवसाची तारीख होती, आणि खाली तेच बारीक अक्षर:

"पाय ठणठणीत. तिला सांगायचं नाही. माझ्यासाठी का होईना, ती उठतेय."