मिटलेले डोळे

"काका, आमच्या घराण्याचे डोळे तेवढे उघडा," कुंदा म्हणाली, तेव्हा व्यंगचित्रकार डोईफोडे तिला पाणी देत होते.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तिच्या आजोबांना, नगरपालिकेतल्या कारकुनाला, टेबलावर झोपलेलं काढलं होतं. गाव पोट धरून हसलं. पुढे सरकारी यंत्राने जुन्या चित्रांवरून माणसांच्या स्वभावाचे साचे केले, त्यात आजोबांचा साचा म्हणून तेच चित्र बसवलं. यंत्राला कुठला विनोद कळायला? साच्यातला गुण खालच्या पिढ्यांना आपोआप लागू. कुंदाला तिसरी नोकरी नाकारली गेली होती: 'झोपाळू'.

"साच्यातलं मूळ चित्र फक्त काढणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच बदलता येतं."

"पण तो डुलक्याच घेत होता गं."

"मान खाली घालून लिहीत होते. तुमच्याच नळाचा अर्ज."

डोईफोड्यांनी चित्रातले डोळे उघडले. ते थेट त्यांच्याकडेच बघू लागले, तसे त्यांनी आपले मिटून घेतले.